ज्याची खबर लागलेली नाही

"मॅडम, 'द मॅन हू हॅज गॉन' आणि 'द मॅन हू हॅड गॉन', दोन्हीचं मराठी एकच होतंय. गेलेला माणूस," आरोही उभी राहून म्हणाली. "मग इंग्रजीला दोन कशाला लागतेत?"

नववीचा वर्ग खुसखुसला. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास होता. फेब्रुवारी सरत आला होता आणि वरचा पत्रा आत्तापासूनच कडकड वाजायला लागला होता. प्रणिताने खडू खाली ठेवला, पदराने मान पुसली. केजच्या या शाळेत तिने हा धडा इतक्या वेळा शिकवला होता, की शिकवता शिकवता डोळा लागला असता तरी तोंड चालूच राहिलं असतं.

"मामा आलाय म्हणलं, की तुझी आई काय करती?"

"चहा ठिवती."

"आणि मामा आलता म्हणलं तर?"

"आलता? मग कपबश्या धुती की."

वर्ग हसला. प्रणिताही जराशी हसली. ही तिची जुनी युक्ती. पुस्तकात पूर्ण वर्तमानकाळ, पूर्ण भूतकाळ अशी जड नावं होती, ती पोरांच्या डोक्यावरून जात. आलाय आणि आलता मात्र त्यांच्या जिभेवरच होतं.

"आलाय म्हणजे हॅज. आला, आणि अजून घरात बसलाय. गेलाय म्हणजे गेला, आणि अजून गेलेलाच आहे. गेलता म्हणलं की ते मागचं झालं, त्याच्यानंतर दुसरं काहीतरी घडलं. आता 'हू' बघा. इंग्रजी आधी माणूस उभा करते आणि मग त्याच्यामागं त्याचं काय झालं ते लावते. आपण उलटं बोलतो. आधी काय झालं ते, मग माणूस. जो गेलाय, तो..."

तिने फळ्यावर लिहिलं, 'जो गेलाय, तो'. वाक्य पुरं करायला हात वर नेला, आणि पुढं काय लिहावं ते तिला सुचेना.

"पण मॅडम," आरोही अजून उभीच होती, "गेलाय म्हणायचं का गेलता, हे सांगणाऱ्याला कसं कळायचं? तो माणूस आता कुठंय ते म्हाईत पाहिजे की."

शेजारच्या मुलीने आरोहीची बाही ओढली. आपण कुणाला काय विचारलं हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. चेहरा उतरला आणि ती मटकन खाली बसली.

"बरोबर विचारलंस," प्रणिता म्हणाली. "ते माहीत पाहिजे." आणि तिने फळा पुसला.

ही गोष्ट केजात, किंवा केजपासून अर्ध्या तासावरच्या तिच्या सासरच्या गावात, कुणाला नव्याने सांगावी लागत नसे. प्रणिताचा नवरा अंगद सात वर्षांपूर्वी नारायणगडाला दर्शन घेऊन येतो म्हणून घरातून निघाला, तो आलाच नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला होता. अबोल माणूस. कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. मोटरसायकल बीडच्या स्टँडबाहेर सापडली, चावी तिलाच लटकलेली. पोलिसांत तक्रार झाली, पेपरात फोटो आला, विहिरी बघून झाल्या, अंगात येणाऱ्या बायांना विचारून झालं. मग लोकांनी विचारायचं सोडलं. मूलबाळ नव्हतं. वडवणीच्या माहेराहून भाऊ दोनदा न्यायला आला, पण नोकरी केजला आणि घरात सासू एकटी. पोळ्याला येईल, दिवाळीला येईल असं म्हणत म्हणत प्रणिता राहिली ती राहिलीच. मंगळसूत्र तिने काढलं नाही, आणि हळदीकुंकवाला कुणी बोलावलं तर ती जातही नसे.

आता घराचा पत्रा कुजून गेला होता. घरकुल मंजूर झालं होतं, पण अंगदच्या नावावर. ग्रामसेवक काही वाईट माणूस नव्हता. त्याने हात जोडून सांगितलं होतं, "वहिनी, एक तर माणूस आणा, न्हाईतर मयताचा दाखला आणा. मधलं काय चालत न्हाई."

मधल्यातच तर ती राहत होती. कुठल्याही कागदावर विवाहित, विधवा, परित्यक्ता असे चौकोन आले की तिचं पेन थांबायचं. शेवटी तिने कोर्टात अर्ज टाकला. माझा नवरा मयत आहे असं जाहीर करावं.

शाळा सुटल्यावर ती बसवराज आप्पांकडं गेली. आप्पा वकील होते. भावाच्या कापडदुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस, त्यामुळे तिथं बसलं की खालून कोऱ्या कापडाचा वास यायचा. दुसऱ्या दिवशी सासूबाईंची साक्ष होती.

"मॅडम, कायद्यातलं वाक्य तुमच्याच विषयाचं हाय बघा," आप्पा म्हणाले आणि चष्मा सावरून त्यांनी वाचलं, "'दोज हू वुड नॅचरली हॅव हर्ड ऑफ हिम, इफ ही हॅड बीन अलाइव्ह.' करा बघू मराठी."

प्रणिताने मनातल्या मनात वाक्य उलटं केलं. "तो जिवंत असता, तर ज्यांना साहजिकच त्याची खबर लागली असती, अशी माणसं."

"बरोबर. अशा माणसांना सात वर्षांत त्याची खबर लागलेली नाही, एवढं शाबीत झालं की कोर्ट त्याला मेला म्हणून धरतं."

"पण आत्याबाई तर मेला म्हणायलाच तयार नाहीत. म्हणतात, मपल्या लेकराला मी मपल्या तोंडानं मारू का?"

"म्हणूच नका म्हणावं! मेला का, असं कोर्ट विचारतच न्हाई मॅडम. ऐकलंय का, एवढंच विचारतं. बायकोनं ऐकलं न्हाई, आईनं ऐकलं न्हाई, झालं. पुढचं काय समजायचं ते कोर्ट समजून घेतं. आज बसून समजावून सांगा त्यांना."

माडी उतरताना तिला खूप दिवसांनी हलकं वाटलं. इतकी वर्षं पोरांना शिकवलेल्या त्या काळाबद्दल आज पहिल्यांदा आपुलकी वाटली. पूर्ण म्हणतात त्याला, पण त्यात पुरं काहीच होत नाही. खबर लागलेली नाही, म्हणजे आजपर्यंत नाही, उद्याचं कुणी सांगावं. म्हाताऱ्या बाईला दार उघडं ठेवून आत बसता येईल असं ते वाक्य होतं.

ती घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता. सासूबाई, छबुबाई, ओट्यावर सूप घेऊन हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या. प्रणिताने तोंडावर पाणी मारलं, त्यांच्यापुढं बसली आणि दोन घाटे हातात घेतले.

"आत्याबाई, उद्या तुम्हाला ते मेले असं म्हणायचं न्हाई."

छबुबाईंनी वर पाहिलं. "मंग?"

"साहेब विचारतील, तो असता, तर सगळ्यांच्या आधी कुणाला कळलं असतं?"

"मलाच की. पोटचं हाय मपल्या."

"तेच सांगायचं. मग विचारतील, सात वर्षांत त्याची काही खबर आलीय का? तुम्ही म्हणायचं, न्हाई आली. बास. जे खरं हाय तेच."

छबुबाईंची बोटं थांबली. "अजून एकदा सांग."

प्रणिताने वर्गात सांगावं तसं सावकाश सांगितलं. "तो असता, तर ज्या माणसाला आधी कळलं असतं, त्या माणसाला अजून कळलेलं नाही. कोर्टाला एवढंच पाहिजे."

"अजून म्हंजी आजपस्तोर?"

"आजपर्यंत. कधीच न्हाई."

"कधीच न्हाई," छबुबाई स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी सूप बाजूला सरकवलं, लुगड्यावरची टरफलं झटकली. "तिथं शपथ घ्यावी लागती का गं?"

"घ्यावी लागते."

समोरच्या अंगणात कुणीतरी शेळी बांधत होतं. छबुबाई तिकडं बघत राहिल्या.

"आलता," त्या म्हणाल्या.

"कोण आलता?"

"फोन. त्येचा फोन आलता. समोरच्या साखराबाईच्या फोनवर."

प्रणिताच्या हातातला घाटा तसाच राहिला. तिला आधी वाटलं, म्हातारीला स्वप्न पडलं असेल. पण छबुबाईंचा आवाज स्वप्न सांगणाऱ्या माणसाचा नव्हता.

"कधी?"

"तू बीडला पेपर तपासाया गेलतीस बघ. तो जाऊन तिसरं साल लागलं व्हतं. साखराबाई पळत आली, म्हनली, चल लवकर. म्हनला, आई, मी बरा हाय. कामाला लागलोय. मला हुडकू नका."

"आणि मी?"

छबुबाईंनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"आत्याबाई, माझं काय म्हणाले?"

"म्हनला, तिला सांगू नको."

"आणि तुम्ही नाही सांगितलंत. कावून?" 'का' विचारायचा तो गावचा शब्द प्रणिताच्या तोंडात कधी नसायचा. आज आतून वर आला. "कावून न्हाई सांगितलं तुमी?"

"सांगितलं असतं तं तू गेली असतीस. आन् तुला सांगितलं हे त्येला कळलं असतं, तं त्येनं पुन्ना फोन केला नसता." छबुबाईंनी पदर तोंडाला लावला. "मला दोघंबी पायजे व्हते, बाई."

"परत केला का त्यांनी?"

"न्हाई. एकदाच."

प्रणिता उठली. आत जाऊन तिने पीठ काढलं, तवा ठेवला, भाकरी थापल्या. एक करपली. ती तशीच तिने स्वतःच्या ताटात घेतली. तो जिवंत असल्याचं दुःख तिला होईना आणि आनंदही होईना. आत शिरून बसली ती समोरची साखराबाई. इतकी वर्षं रोज सकाळी रस्ता झाडता झाडता साखराबाई मान वर करून विचारायची, "काय गं, लागली का काय खबर?" आणि ही खाली बघून म्हणायची, "न्हाई मावशी."

सकाळी छबुबाई धुवट लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून दारात तयार होत्या. डोळे सुजले होते.

"चल," त्या म्हणाल्या. "न्हाई आला फोन म्हनते. एक खोटं पचंल मला."

"मला न्हाई पचणार."

"तुपल्यासाठी म्हनते की."

"माहीत आहे. राहू द्या. बसा घरी."

खोट्याची तिला भीती नव्हती. चार खोट्या सह्या केल्याशिवाय कुणाचंच काम होत नाही हे शाळेत नोकरी करणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. पण काल संध्याकाळपासून अंगद कुठंतरी जेवत होता, आंघोळ करत होता, कशालातरी हसत होता. अशा माणसाच्या नावाने कुंकू पुसायचं कसं? ती एकटीच जीपमध्ये बसून केजला गेली.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांखाली बोटाने खाजवत बसले. मग म्हणाले, "अर्ज मागं घेऊ." जाताजाता त्यांनी तिला परत हाक मारली. "मॅडम, सांगायला बरं वाटत न्हाई, पण वकील म्हणून सांगतो. हरवलेल्या माणसासाठी सात वर्षं लागतात. सोडून गेलेल्यासाठी दोन पुरतात. घटस्फोट म्हणतोय मी. फक्त तुम्हाला म्हणावं लागंल, त्यानं मला टाकलं."

"आणि साक्षीला?"

"ज्यानं फोनवर ऐकलंय, ते माणूस."

त्या वर्षी दिवाळीपर्यंत तिने काहीच केलं नाही. हरवलेल्या माणसाची बायको म्हटलं की लोक आवाज खाली आणतात. टाकलेली बाई म्हटलं की तोच आवाज वर चढतो, आणि मग पुढचं ठरलेलं असतं. मूल नव्हतं ना, मग तो तरी काय करणार. हे ऐकण्याचं बळ तिच्यात नव्हतं. ती शाळेत जात राहिली, येत राहिली. छबुबाईंशी बोलणं पाणी आलं का, पीठ संपलं का, किल्ली कुठंय, एवढ्यावर आलं. साखराबाईने एकदा रस्ता झाडताना मान वर केली, आणि प्रणिताने तिच्याकडं असं बघितलं की ती पुन्हा काही विचारायला धजली नाही. पावसाळ्यात घरभर भांडी मांडून दोघी दोन कोपऱ्यांत निजत. घरकुलाची यादी पुढच्या माणसाकडं सरकली.

वडवणीचा भाऊ दिवाळीला येऊन गेला. बायको वारलेला एक शिक्षक आहे, माणूस बरा आहे, असं बोलता बोलता ओट्यावरच बोलला. छबुबाई आत चहा गाळत होत्या. त्यांनी ते ऐकलं. प्रणिताने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "दादा, माझं काय आहे तेच मला माहीत नाही. त्याला काय सांगशील?" एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, शाळेच्या मधल्या सुट्टीत, शिपाई सांगत आला की फाटकाशी कुणी आजी उभ्या आहेत.

छबुबाई एकट्या केजला कधी आल्या नव्हत्या. फाटकाच्या गजाला धरून उभ्या होत्या. पायात अंगदच्या वडिलांची, रामकिसन दादांची जुनी चप्पल. त्यांची स्वतःची तुटली असावी.

"काय झालं आत्याबाई? बरं वाटत न्हाई का?"

"वकिलाकडं चल."

"कशाला?"

"मी सांगते काय झालं ते. लिहून घे म्हनावं."

"तुमच्या लेकाच्या विरोधात जाईल ते."

"जाऊ दे." छबुबाईंनी गज सोडला. "त्येची आई हाय मी, ते काय सुटत न्हाई. पन तुला बांधून ठिवायची कावून? मी लई इचार केला. रातभर कूस बदलती तू, मला आयकू येतं. तुपल्या भावाला म्हनलीस ना, माझं काय हाय तेच म्हाईत न्हाई. मला म्हाईत हाय. मंग मीच सांगाया पायजे ना?"

घंटा झाली. पोरं धावत वर्गात गेली. प्रणिता म्हणाली, "जेवलात का?"

"न्हाई."

"चला, आधी डबा खाऊ."

मुख्याध्यापकांना सांगून ती उरलेले तास सोडून निघाली. माडीवर आप्पांसमोर छबुबाई खुर्चीत बसायला तयार होईनात. जमिनीवर बसूनच त्यांनी सगळं सांगितलं.

कोर्टाचं काम रेंगाळत रेंगाळत उन्हाळ्यापर्यंत गेलं. अंगदला नोटीस काढायची तर पत्ता नव्हता, म्हणून पेपरात छापली. कुणी आलं नाही. साक्षीच्या दिवशी शिपायाने दारात उभं राहून अंगदच्या नावाचा पुकारा केला. रिवाज म्हणून केला, पण बाकावर बसलेल्या छबुबाई सगळ्या अंगाने दाराकडं वळल्या. व्हरांड्यात दुसऱ्याच खटल्याची माणसं विड्या लपवत उभी होती. शिपायाने पुन्हा पुकारलं, मग तो आत आला. छबुबाई तरी थोडा वेळ दाराकडंच बघत राहिल्या.

न्यायाधीश तरुण बाई होत्या. त्यांनी म्हातारीला पिंजऱ्यात खुर्ची द्यायला लावली.

"आजी, फोनवर तुमचाच मुलगा होता हे कशावरून?"

"पोटच्या लेकराचा आवाज वळखीत न्हाई व्हय मी?"

"काय म्हणाला?"

"मी बरा हाय म्हनला. कामाला लागलोय. मला हुडकू नका."

"बायकोबद्दल काही?"

"तिला सांगू नको म्हनला. म्हनला, मी तिकडं येनार न्हाई आता."

इथपर्यंत आप्पांनी तयारी करून घेतली होती. ते उठून 'एवढंच' म्हणणार, तोच छबुबाईंनी पिंजऱ्याची कड धरली.

"अजून एक व्हतं साहेब."

आप्पांनी प्रणिताकडं पाहिलं. प्रणिताला काही माहीत नव्हतं.

"मागं ल्हान लेकरू रडत व्हतं."

"कुणाचं, आजी?"

"त्येचंच. त्येला म्हनला, थांब जरा, आजीसंगं बोलू दे." छबुबाईंचा आवाज खाली गेला. "मंग फोन ठिवला."

पंखा फिरत होता. प्रणिता समोरच्या टेबलाच्या कडेकडं बघत बसली. लाकडाचा एक ढलपा निघाला होता, तिथं कुणीतरी बोटाने खरवडत बसलं असणार. डॉक्टर झाले होते, नवस झाले होते, केजच्या, बीडच्या, अंबाजोगाईच्या दवाखान्यांत सगळ्या तपासण्या तिच्याच झाल्या होत्या. अंगद बाहेर बाकावर बसून राहायचा, चिडायचा नाही, बोलायचा नाही. आणि म्हातारीने त्या संध्याकाळी सगळं सांगितलं तरी एवढं एक पोटात ठेवलं होतं. स्वतःसाठी ठेवलं होतं का तिच्यासाठी, ते आता विचारण्यात अर्थ नव्हता. एकुलतं एक नातवंड, ज्याचा तिने फक्त रडण्याचा आवाज ऐकला होता, तेही तिने आज कोर्टाच्या हवाली केलं.

न्यायाधीशबाईंनी टंकलेखकाकडं वळून इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. "द रिस्पॉन्डन्ट, हू हॅज डेझर्टेड द पिटिशनर..." जाबदार, ज्याने अर्जदाराला टाकलेलं आहे. प्रणिताने सवयीने वाक्य तपासलं. माणूस आधी, त्याने केलेलं नंतर, क्रियापद जिथं हवं तिथं. चूक नव्हती.

छबुबाईंनी कागदावर अंगठा उठवला. निकाल पुढच्या तारखेला होता, पण तो काय लागणार हे आप्पांनी पायऱ्या उतरतानाच सांगितलं आणि ते दुसऱ्या कामाला निघून गेले.

"काय लिवलं गं त्यांनी एवढं?" छबुबाईंनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेच."

"लेकराचंबी?"

"हो."

"तुला सांगनार नव्हते मी. शपथ घेतली, मंग राहीना."

"राहू द्या आता, आत्याबाई."

उन्हाचा कहर होता. स्टँडजवळ गावाकडची जीप भरत होती. प्रणिताने म्हातारीला आधी चढवलं, खिडकीची जागा दिली आणि शेजारी दाटीवाटीने बसली. शिल्लक जागेत आणखी तिघं कोंबली गेली तेव्हा कुठं जीप हलली. गरम वारा आत आला. बाभळी, वाळलेली रानं, रस्त्याच्या कडेला उलटून पडलेला मैलाचा दगड. निम्मा रस्ता सरल्यावर प्रणिता म्हणाली,

"शाळेजवळ एक खोली बघितलीय. जूनपासून. दोघींना पुरंल."

"तुपल्या भावाचं काय?"

"त्याला म्हणलं, थांब. मला आधी जरा एकटं बसू दे." मग तिचं तिलाच जाणवलं. "म्हणजे तुमच्यासंगं."

छबुबाई हसल्या नाहीत. "मपलं घर सोडून येऊ?"

"गळतंय ते."

"गळू दे." जीप एका खड्ड्यातून उसळली, म्हातारीने प्रणिताचा दंड धरला. "तो आला तं? कुलूप दिसंल त्येला."

आज सकाळी याच बाईने भर कोर्टात त्याच्याविरुद्ध अंगठा उठवला होता, आणि साक्ष देणारी, वाट बघणारी, ही दोन्ही माणसं एकाच लुगड्यात बसली होती. त्यात प्रणिताला काही चुकीचंही वाटेना. ती नुसती दमली होती. दंडावरचा हात हळूहळू सैल झाला. छबुबाईंची मान डुलली, एकदा खिडकीवर आपटली, मग प्रणिताच्या खांद्यावर येऊन टेकली.

गाव आलं. मागची माणसं पिशव्या घेऊन उतरली. पुढचीही उतरली. ड्रायव्हरने वळून बघितलं.

"उतरा मॅडम. मला लगेच भरून परत केजला जायाचंय."

"दादा, निजल्यात त्या," प्रणिता हळू आवाजात म्हणाली. "जरा थांबता का?"

ड्रायव्हर काहीतरी बोलणार होता. त्याने म्हातारीकडं पाहिलं. तोंड जरासं उघडं, डोक्यावरचा पदर घसरलेला, मांडीवर उताणा पडलेला हात आणि अंगठ्याला जांभळी शाई. त्याने इंजीन बंद केलं, आवाज न करता दार उघडलं आणि लिंबाच्या सावलीला जाऊन उभा राहिला.

प्रणिताच्या खांद्याला मुंग्या आल्या होत्या. तिने खांदा हलवला नाही. खिडकीतून ऊन आत येत होतं, म्हणून मोकळ्या हाताने तिने पदर पुढं ओढला आणि म्हातारीच्या तोंडावर सावली धरून ती बसून राहिली.